उत्पन्न तीस हजार, हप्ते सव्वातेरा हजार: कोणाचे देणे आधी फेडावे?

सातपूरची शिवणकर

नमस्कार. मी नाशिकला सातपूर भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. घरात मी, यजमान, सासूबाई आणि सातवीत व चौथीत शिकणारी दोन मुले असे पाच जण आहोत. यजमान औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. ओव्हरटाइम होता तोपर्यंत तीस हजारांच्या आसपास पगार हाती येत असे. तो बंद झाल्यापासून २४,५०० रुपये येतात. मी घरी ब्लाउज शिवते आणि फॉल-पिको करते. लग्नसराईत बरे मिळतात, पण बारा महिन्यांची सरासरी काढली तर महिना ५,५०० पेक्षा जास्त धरता येत नाही.

खर्च असा आहे: भाडे ६,५००, किराणा, दूध, भाजी व गॅस मिळून ९,०००, मुलांची शाळा व रिक्षा २,२००, पेट्रोल १,५००, वीज व मोबाइल १,३००, सासूबाईंची औषधे १,२००. एकूण २१,७००. म्हणजे हप्त्यांसाठी ८,३०० रुपये उरतात.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तिथून कर्जे सुरू झाली. एका खासगी वित्त कंपनीचे वैयक्तिक कर्ज २२ टक्के व्याजाचे आहे. १,४२,००० शिल्लक, हप्ता ५,९००, अजून ३२ हप्ते बाकी. क्रेडिट कार्डावर ५८,००० आहेत आणि त्याची किमान रक्कम २,९०० येते. नागरी पतसंस्थेचे ७०,००० आहेत, व्याज १४ टक्के, हप्ता २,६००. महिला बचत गटाचे २०,०००, हप्ता १,१००. ओळखीच्या एका माणसाकडून शेकडा पाचने १५,००० घेतले, त्याचे नुसते व्याज ७५० रुपये गेले दहा महिने देत आहोत. मुद्दल तसेच आहे आणि यजमानांनी सही केलेला कोरा चेक त्याच्याकडे आहे. याशिवाय माझ्या दोन तोळ्यांच्या दोन बांगड्या बँकेत गहाण आहेत. त्यावर ६५,००० उचलले होते, आठ महिन्यांपूर्वी नूतनीकरण केले, आणखी चार महिन्यांनी व्याजासह सगळे भरायचे आहेत.

सोन्याचे सोडून दरमहा १३,२५० द्यायचे आणि हातात ८,३००. ही तूट आतापर्यंत आम्ही कार्डावर किराणा घेऊन भागवली, म्हणून कार्डाची बाकी हलतच नाही. वित्त कंपनीचा हप्ता पाच तारखेला कापला जातो आणि पगार दहा तारखेला होतो, त्यामुळे तो गेल्या वर्षात चार वेळा परत गेला. मग फोन सुरू होतात. एकदा तर यजमानांच्या सुपरवायझरलाही फोन केला. पतसंस्थेचे लोक सभ्य आहेत, ते फोन करत नाहीत, म्हणून गेले दोन महिने त्यांचाच हप्ता मागे ठेवला. तिथे माझा सिन्नरचा भाऊ जामीनदार आहे. त्याला मी हे अजून सांगितलेले नाही.

आता एक कंपनी १४ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांसाठी तीन लाख द्यायला तयार आहे, हप्ता ८,५००. दुसरीकडे फोनवर एक जण म्हणतो की सगळे हप्ते थांबवा, आम्ही निम्म्यात तडजोड करून देतो, आमची फी दरमहा भरा. यातले काय करावे, आणि कोणाचे आधी फेडावे? कृपया अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगावे.

निवृत्त शाखाधिकारी

ताई, तुम्ही आकडे इतके नीट मांडले आहेत की निम्मे काम झाले आहे. मी एका सहकारी बँकेत आयुष्यभर कर्ज विभागात काम केले. अडचणीत आलेल्या घरांत मला एक गोष्ट पुन:पुन्हा दिसली: जो सर्वांत जास्त फोन करतो त्याचे पैसे आधी जातात आणि जो गप्प बसतो त्याचे मागे पडतात. तुमच्या घरीही तेच झाले आहे. फोनचा त्रास खरा आहे, पण तो देण्याचा क्रम ठरवू शकत नाही. प्रत्येक देण्यापुढे दोनच प्रश्न लिहा: हे पैसे एक महिना राहिले तर मला किती रुपयांना पडतात, आणि ते न भरल्यास कोणावर काय येते?

पहिल्या प्रश्नाने कार्ड पाहू. महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर ५८,००० वर २,०३० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६५ रुपये. तुम्ही भरता त्या २,९०० पैकी जेमतेम पाचशे रुपये मुद्दलाला लागतात. शिवाय पूर्ण बाकी भरली जात नाही तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे त्या कार्डावर घेतलेल्या डाळीतांदळावर घेतल्या दिवसापासून व्याज चढते. शेकडा पाचचे कर्ज वर्षाला साठ टक्क्यांचे आहे, ते याहूनही महाग. म्हणून व्याजाच्या हिशेबाने आधी खासगी माणूस, मग कार्ड, मग वित्त कंपनी, मग पतसंस्था असा क्रम लागतो.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र पतसंस्था वर येते. तिथली थकबाकी भावाच्या दारात जाते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्थेला निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि त्यात कर्जदाराबरोबर जामीनदाराचे नावही असते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तेव्हा ते दोन थकलेले हप्ते व्याजदर कमी असला तरी पुढे आणा.

आता तीन लाखांच्या नव्या कर्जाविषयी. ‘फ्लॅट’ या शब्दापाशी थांबा. तीन लाखांवर १४ टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज २,१०,००० होते, कारण मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या तीन लाखांवरच मोजलेले असते. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर सुमारे २३ टक्के पडतो. त्यातून प्रक्रिया शुल्क तीन टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून १०,६२० रुपये कापले तर हातात २,८९,३८० येतील. विमा जोडला तर आणखी कमी. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी मुख्य तथ्ये सांगणारे पत्रक देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते पत्रक मागा. देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

हे कर्ज सर्वस्वी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. कार्डापेक्षा ते स्वस्तच आहे, आणि गटाचा हप्ता सोडून महिन्याचा भार १२,१५० वरून ८,५०० वर येतो म्हणून तुम्हाला मोह पडणे स्वाभाविक आहे. पण त्यात १४ टक्क्यांचे पतसंस्थेचे कर्ज २३ टक्क्यांचे होते, ३२ महिन्यांत संपणारे देणे ६० महिने चालते आणि कार्ड रिकामे होऊन पुन्हा वापरायला मोकळे राहते. मी असे एक कर्ज घेतलेली माणसे दोन वर्षांनी दोन कर्जे घेऊन आलेली पाहिली आहेत.

माझी सूचना कदाचित तुम्हाला आवडणार नाही. दोनपैकी एक बांगडी मोडा. तुम्ही सोने गहाण ठेवलेत त्यानंतर भाव बराच वाढला आहे. एका बांगडीत बँकेचे कर्ज व्याजासह फिटून वर काही उरेल, असा माझा अंदाज आहे. सराफाकडे वजन, शुद्धता आणि घट धरून नेमका आकडा काढून घ्या. घडणावळ परत मिळत नाही हे लक्षात ठेवा. उरलेल्या पैशातून पहिल्यांदा तो पंधरा हजारांचा माणूस मोकळा करा आणि राहील ते सगळे कार्डात भरा. कार्डाच्या उर्वरित बाकीचे हप्ते पाडून मागा. समजा २९,००० राहिले आणि दीड टक्का मासिक व्याजाने चोवीस हप्ते मिळाले, तर महिना सुमारे १,४५० येतील. त्याच दिवशी कार्ड कापून टाका.

एवढ्यानेही तूट संपत नाही. महिना ११,०५० लागतील. म्हणून पतसंस्था आणि वित्त कंपनी या दोघांकडे मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या. पतसंस्थेचे ७०,००० पाच वर्षांवर नेले तर हप्ता सुमारे १,६३० होतो. वित्त कंपनीचे १,४२,००० चार वर्षांवर नेले तर ४,४७५ च्या आसपास. मग एकूण ८,६५५ लागतात आणि तूट साडेतीनशेवर येते. याची किंमतही सांगतो: वित्त कंपनीला एकंदर सव्वीस हजार आणि पतसंस्थेला तेरा हजार जादा व्याज जाईल, आणि पुनर्रचनेची नोंद पतअहवालात, म्हणजे पतमाहिती कंपन्या ठेवतात त्या तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, उमटेल. मुदतवाढ देणे त्यांच्यावर बंधनकारकही नाही. तरीही थकण्याआधी अर्ज घेऊन आलेल्या माणसाशी बोलणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाते, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतो.

गटाची लेखापाल, अकोले

ताई, वरच्या साहेबांचा सगळा हिशेब मला पटतो, पण ९,००० रुपयांत पाच माणसांचा किराणा, दूध, भाजी आणि गॅस भागवता, यात कापण्यासारखे काही नाही हे आधी लिहून ठेवते. कर्ज फेडणाऱ्या घरात पहिल्यांदा बाईच्या ताटातले कमी होते, मग औषध अर्धे घेतले जाते. आमच्या गटांत मी हे फार पाहिले आहे. सासूबाईंच्या गोळ्या आणि मुलांचे दूध या हिशेबातून बाहेर ठेवा. तूट साडेतीनशेची असेल तर ती शिलाईच्या दरातून काढता येते का ते पाहा. अनेक जणी शेजारधर्म म्हणून वर्षानुवर्षे जुन्याच दराने ब्लाउज शिवून देतात.

गटाविषयी थोडे सविस्तर सांगते. गटाचा हप्ता थांबवायचाच असेल तर मासिक बैठकीला गैरहजर राहू नका. माणूस बैठकीला आला नाही की कुजबुज सुरू होते, आणि पुढच्या वेळी कर्ज मागताना तीच आडवी येते. उभे राहून सांगा की तीन महिने मी फक्त व्याज भरेन, मुद्दल चौथ्या महिन्यापासून देईन, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. गटातला पैसा आपल्याच दहा-बारा जणींचा असतो, म्हणून त्या ऐकूनही घेतात. मात्र गटाने बँकेकडून कर्ज उचलून तुम्हाला दिले असेल, तर तुमचा हप्ता चुकल्याने सगळ्या गटाची परतफेड अडते. त्या स्थितीत सवलत मागू नका.

बांगडीबद्दल. माझ्या आईने दिलेल्या पाटल्या मी मोडल्या होत्या, तेव्हा चार दिवस घरात कोणाशी बोलले नव्हते, म्हणून ते सोपे आहे असे मी सांगणार नाही. पण गहाण ठेवलेले सोने तुमच्या हातात नाहीच. मुदत संपली आणि पैसे भरता आले नाहीत तर लिलावात दोन्ही जातील. एक मोडली तर दुसरी घरी येईल.

आणखी एक गोष्ट, पुढच्या वेळेसाठी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ते योजनेतल्या रुग्णालयातच आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळते, म्हणून घाई नसेल तेव्हाच जवळची अशी रुग्णालये कोणती याची चौकशी करून कागदपत्रे एका पिशवीत तयार ठेवा. तुमच्यासारखी बहुतेक घरे माझ्याकडे येतात ती दवाखान्याच्या खर्चाने बुडालेली असतात.

पहिली पाळी, चाकण

नमस्कार ताई. चार वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो. त्या वेळी पगार बावीस हजार होता आणि देणी सहा ठिकाणी होती. त्यातून बाहेर आलो, पण एक चूक अजून भोगतो आहे, म्हणून लिहितो.

तो फोनवरचा तडजोडवाला तुम्हाला जे सांगतो, तेच मला एकाने सांगितले होते. मी पाच महिने हप्ते थांबवले आणि त्याची फी मात्र दरमहा भरली. तीन महिने उलटले की खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे वसुली अडकलेले, धरले जाते. माझ्या कर्जाची शेवटी तडजोड झाली, काही रक्कम सुटली, पण अहवालात खाते ‘बंद’ न होता ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले गेले. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा दोन बँकांनी त्याच एका शब्दावर बोट ठेवले. तडजोड हा अगदी शेवटचा मार्ग आहे, आणि करायचीच वेळ आली तर ती थेट कर्ज देणाऱ्याशी, लेखी पत्र हातात घेऊन करावी. मध्यस्थाला एक रुपया देऊ नका.

आता तारखेचे बोलतो, कारण यावर अजून कोणी लिहिले नाही. पगार दहाला आणि हप्ता पाचला, हीच तुमची मोठी गळती आहे. माझ्या बाबतीत हप्ता परत गेला की बँक ५९० कापायची आणि कंपनीही तितकेच लावायची, म्हणजे एका वेळी जवळजवळ बाराशे रुपये कोणाचेही कर्ज न फिटता जात होते. तुमचे चार वेळा झाले आहे. खातेउतारा काढून बेरीज करा. कंपनीला अर्ज करून हप्त्याची तारीख बारा किंवा पंधरा करून घ्या. बदल होईपर्यंत एका महिन्याचा हप्ता खात्यात आगाऊ राहील अशी तजवीज करा, अगदी कोणाकडून पाच दिवसांसाठी हातउसने घेऊनसुद्धा. खात्यात पैसे नसल्यामुळे स्वयंचलित हप्ता परत जाणे हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो, हेही मला फार उशिरा कळले. कंपनीने लावलेला दंडही तपासा: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे उशिराचा दंड व्याजदरात मिसळून लावता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज आकारता येत नाही.

साहेबांशी एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे. व्याजाच्या क्रमाने फेडले तर कमी पैसे जातात हे खरे, पण मी गटाचे आणि एका दुकानाचे अशी सर्वांत लहान देणी आधी संपवली. हिशेबाने त्यात माझे काहीसे नुकसान झाले असेल. तरी सहाऐवजी चार ठिकाणी द्यायचे आहेत, हे कळल्या दिवशी मला कित्येक महिन्यांनी झोप लागली, आणि पुढचे दीड वर्ष टिकून राहण्याचे बळ त्यातून आले. तुमच्या बाबतीत पंधरा हजारांचे देणे सर्वांत लहानही आहे आणि सर्वांत महागही, म्हणून तिथे आमचे दोघांचे एकमतच होते.

आणि ज्या दिवशी एखादे कर्ज संपेल त्याच दिवशी बेबाकी दाखला घ्या. महिन्याभराने चारही पतमाहिती कंपन्यांपैकी एकीकडून अहवाल काढून खाते बंद दाखवले आहे का ते पाहा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

वकील, सोलापूर

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी स्पष्ट करतो.

शेकडा पाचने पैसे देणाऱ्या व्यक्तीकडे सावकारीचा परवाना आहे का, हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि कर्ज देतेवेळी परवाना नसलेल्या सावकाराला त्या कर्जासाठी न्यायालयाकडून हुकूमनामा मिळू शकत नाही. परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. त्या दराने १५,००० वर दहा महिन्यांचे व्याज २,२५० होते आणि तुम्ही ७,५०० दिले आहेत. म्हणजे ५,२५० रुपये जादा गेले. ते मुद्दलात धरले तर ९,७५० उरतात.

तक्रार करायची असेल तर ती जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात होते. पण माणूस ओळखीचा आहे, शेजारचाही असू शकेल, आणि मिटवून टाकणे तुम्हाला अधिक सोयीचे वाटू शकेल. तो निर्णय तुमचा. मिटवायचे असेल तरी रक्कम रोख देऊ नका, बँकेतून पाठवा. पैसे देण्याआधी चेक समोर ठेवायला सांगा आणि पूर्ण फेड झाल्याचे दोन ओळींचे लेखी घ्या. कोरा चेक क्षुल्लक समजू नका. सही केलेल्या कोऱ्या चेकमध्ये दुसऱ्याने रक्कम भरली तरी चेक देणाऱ्याविरुद्ध कायद्याचे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. देणे नव्हते किंवा फिटले होते, हे मग तुमच्या यजमानांना सिद्ध करावे लागेल, आणि त्यासाठी बँकेची नोंद हाच आधार असतो. आजवरचे ७५० रुपये ज्या मार्गाने दिले त्याचेही पुरावे, अगदी मोबाइलवरचे संदेशसुद्धा, जपून ठेवा.

सुपरवायझरला केलेला फोन चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनांनुसार वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, आणि कर्जदाराचे नातेवाईक, संदर्भासाठी नाव दिलेल्या व्यक्ती किंवा मित्र यांना त्रास देता येत नाही. तारीख, वेळ, क्रमांक आणि बोललेले शब्द वहीत लिहा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला शुल्क नाही. मात्र पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिच्याविषयीचे गाऱ्हाणे सहकार खात्याकडे न्यावे लागते.

ताई, तुम्ही स्त्री आहात, त्यामुळे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट न लागता तुम्हाला मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. कोणतीही नोटीस आली तर ती न उघडता ठेवू नका, तिथे घेऊन जा.

सातपूरची शिवणकर

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

बांगडी मोडली. सराफ स्वतः बँकेत आले, कर्जाचे व व्याजाचे मिळून ६९,३०० रुपये त्यांनी भरले आणि एक बांगडी त्यांनी ठेवून घेतली. मला वर ४४,००० मिळाले. दुसरी बांगडी घरी आली, ती सासूबाईंच्या कपाटात ठेवली आहे. त्या पैशातून खासगी माणसाचे पंधरा हजार बँकेतून पाठवले. वकील साहेबांनी सांगितलेला ९,७५० चा हिशेब यजमानांनी त्याच्यापुढे मांडला, पण त्याने ऐकले नाही, आणि आम्हाला वाद वाढवायचा नव्हता. चेक मिळाला, तो यजमानांनी त्याच्यासमोर फाडला. लेखीही घेतले. उरलेले २९,००० कार्डात भरले. हप्ते पाडून देण्याचा अर्ज मंजूर झाला आहे.

वित्त कंपनीने हप्त्याची तारीख पंधरा केली. परत गेलेल्या चार हप्त्यांचे शुल्क मोजले तर ४,७२० निघाले. मुदतवाढीबद्दल मात्र त्यांनी अजून हो किंवा नाही म्हटलेले नाही. तीन लाखांच्या कर्जाला मी नकार कळवला.

पतसंस्थेत व्यवस्थापकांनी नीट ऐकून घेतले. पाच वर्षांची मुदत द्यायला ते तयार आहेत, पण जामीनदाराने येऊन संमतीपत्रावर सही केली पाहिजे, असे म्हणाले. मुदत मी मागते आहे, हप्ता मी भरणार, मग भावाला बोलावण्याचा आग्रह कशासाठी? त्याच्या सहीशिवाय होण्याचा काही मार्ग आहे का?

निवृत्त शाखाधिकारी

नाही, आणि त्यांचा आग्रह योग्य आहे. करार अधिनियमाच्या कलम १३५ प्रमाणे जामीनदाराची संमती न घेता कर्ज देणाऱ्याने कर्जदाराला मुदत वाढवून दिली, तर जामीनदार मोकळा होतो. कायदा असे मानतो की त्याने तीन वर्षांच्या कर्जाची हमी दिली होती, पाच वर्षांच्या नव्हे. त्याच्या नकळत त्याची जोखीम वाढवता येत नाही. पतसंस्थेला आपला जामीनदार गमवायचा नाही, म्हणून सही हवी. पण त्याच कलमाकडे भावाच्या बाजूने पाहा. तुमचे कर्ज दोन वर्षे अधिक त्याच्या डोक्यावर राहणार आहे, आणि ते त्याला विचारल्याशिवाय होऊ नये असे कायद्यालाही वाटते.

सिन्नरला जाताना वही बरोबर न्या. आधी दोन हप्ते थकल्याचे सांगा, मग सही मागा. जमल्यास ते थकलेले ५,२०० भरून पावती घेऊनच जा.

सातपूरची शिवणकर

एक हप्ता आज भरला, पावती वहीत लावली आहे. दुसरा यजमानांचा दहा तारखेला पगार झाला की भरेन. रविवारी आम्ही दोघे सिन्नरला जात आहोत.